आनंदीबाई जोशी

डॉ. आनंदीबाई गोपाळराव जोशी (जन्म : पुणे, ३१ मार्च १८६५, मृत्यू : पुणे, २६ फेब्रुवारी १८८७) या पाश्चात्त्य वैद्यकाची पदवी मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी एक आणि अमेरिकेतून वैद्यकीय पदवी घेणाऱ्या पहिल्या भारतीय महिला होत. वयाच्या नवव्या वर्षी विवाह, चौदाव्या वर्षी अपत्यजन्म व अपत्यमृत्यू, अठराव्या वर्षी एकटीने सागरप्रवास आणि एकविसाव्या वर्षी पदवी असा त्यांचा अल्प जीवनक्रम आहे. स्त्रियांच्या दुखण्यांना घरगुती काढे आणि शक्तिवर्धक औषधे यांपलीकडचे उपचार मिळावेत, त्यासाठी स्त्रीवैद्य तयार व्हावेत, हे त्यांच्या शिक्षणाचे उद्दिष्ट होते. मात्र त्या स्वतः दीर्घकाळ अशक्तपणा व ज्वर यांनी ग्रस्त होत्या आणि वैद्यकीय व्यवसायास आरंभ करण्यापूर्वीच क्षयरोगाने त्यांचे निधन झाले.

बालपण आणि विवाह

आनंदीबाईंचे माहेरचे नाव यमुना. त्यांचे वडील गणपतराव अमृतेश्वर जोशी हे कल्याणचे. एकेकाळी सधन असलेल्या या कुटुंबाची आर्थिक स्थिती पुढे खालावली होती. यमुनेचा जन्म पुण्यास आजोळी झाला व बालपण कल्याणास गेले. १८७४ साली, वयाच्या नवव्या वर्षी, तिचा विवाह मूळचे संगमनेरचे गोपाळ विनायक जोशी यांच्याशी झाला. गोपाळराव टपाल खात्यात कारकून होते. ते विधुर होते आणि वयाने तिच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठे होते. पत्नीला शिकविण्यास सासरच्या मंडळींनी हरकत घेऊ नये, अशी त्यांची विवाहापूर्वीच अट होती. विवाहानंतर त्यांनी यमुनेचे नाव आनंदी असे ठेवले.

गोपाळराव स्त्रीशिक्षणाचे कट्टर पुरस्कर्ते होते, परंतु त्यांचा स्वभाव हट्टी व तापट होता. पत्नीने घरकामात वेळ दवडू नये, अभ्यास करावा, असा त्यांचा आग्रह असे आणि अभ्यासात कुचराई झाल्यास ते तिला मारहाणही करीत. पुढे अमेरिकेतून पतीस लिहिलेल्या पत्रांत आनंदीबाईंनी या मारहाणीचा स्पष्ट उल्लेख केला आहे. त्याचबरोबर आपल्या शिक्षणाचे श्रेयही त्यांनी पतीलाच दिले आहे. आनंदीबाईंच्या चरित्रकारांनी या दोन्ही बाजूंची दखल घेतली आहे.

शिक्षणाची सुरुवात

गोपाळरावांची नोकरी बदलीची होती. कल्याणनंतर अलिबाग, कोल्हापूर, मुंबई, भूज आणि शेवटी बंगाल असा या दांपत्याचा प्रवास झाला. संस्कृत आणि इंग्रजी या भाषांचे शिक्षण आनंदीबाईंना मुख्यतः घरीच मिळाले. मिशनरी शाळांत त्यांना घालण्याचे प्रयत्नही झाले. तरुण विवाहित स्त्रीने पुस्तके घेऊन रस्त्याने पायी जाणे, पतीबरोबर फिरावयास जाणे या गोष्टी तेव्हा टीकेचा विषय ठरत. लोकांची कुचेष्टा, सततचे स्थलांतर, घरची कामे आणि पतीने घालून दिलेला अभ्यास या साऱ्यांचा भार त्यांच्यावर एकाच वेळी पडत असे.

अपत्यमृत्यू

वयाच्या चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला. योग्य वैद्यकीय मदत न मिळाल्याने तो अवघ्या दहा दिवसांत दगावला. हा मृत्यू त्यांच्या आयुष्याला कलाटणी देणारा ठरला. बाळंतपणाच्या वेळी वैद्यकीय ज्ञान असलेली स्त्री जवळ असती तर मूल वाचले असते, या जाणिवेतून त्यांनी वैद्यकाचा अभ्यास करण्याचे ठरविले.

तत्कालीन स्त्रीआरोग्य आणि घरगुती उपचार

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रात बाळंतपण सुईणीच्या हातून घरातच होत असे. बाळंतिणीसाठी घरगुती उपचारांची एक ठरलेली परंपरा होती. डिंकाचे व अळिवाचे लाडू, मेथी, खसखस, बाळंतशेपा, शतावरी, दशमुळांचा काढा, तेलाचे मर्दन, शेक आणि धुरी हे त्यांतील प्रमुख उपचार होत. त्यांपैकी बरेचसे आजही घराघरांत प्रचलित आहेत. अळीव व खारीक यांत लोह असते, तर डिंक, तूप आणि सुकामेवा यांपासून ऊर्जा मिळते. त्यामुळे झीज भरून काढण्यास या आहाराची मदत होत असे. शिवाय या निमित्ताने बाळंतिणीला काही काळ कामातून सक्तीची विश्रांती मिळे.

या परंपरेच्या मर्यादाही मोठ्या होत्या. पौष्टिक आहाराचा हा अधिकार प्रामुख्याने बाळंतपणापुरताच असे. एरवी घरातील स्त्रियांनी सर्वांच्या शेवटी जेवावे, अशी रीत होती. दळण, कांडण, पाणी भरणे, धुराच्या चुलीवरचा स्वयंपाक यांबरोबरच कोवळ्या वयातील गर्भारपणे त्यांना सोसावी लागत. यातून येणारा थकवा हा आजार म्हणून गणला जात नसे. पांडुरोग, क्षय, सूतिकाज्वर यांसारख्या विकारांत घरगुती उपायांनी गुण येत नसे, आणि पुरुष वैद्यास वा डॉक्टरास आपले दुखणे सांगण्यास, तपासू देण्यास बहुतेक स्त्रिया तयार नसत. परिणामी रोगाचे निदान होण्यापूर्वीच तो हाताबाहेर जाई.

अमेरिकेतील परिस्थितीही काही बाबतींत निराळी नव्हती. मॅसॅच्युसेट्समधील लिन या गावी लिडिया पिंकहॅम यांनी १८७५ पासून स्त्रियांच्या दुखण्यांवरील एका वनस्पतिजन्य शक्तिवर्धक औषधाची विक्री सुरू केली होती. त्यात वनौषधींच्या अर्काबरोबर सुमारे १८ टक्के मद्यार्क असे. पुरुष डॉक्टरांकडे जाण्यास संकोचणाऱ्या स्त्रियांनी आपली तक्रार पत्राने कळवावी, असे आवाहन जाहिरातींतून केले जाई आणि त्याला मोठा प्रतिसाद मिळे. अशा औषधांतील मद्यार्काचे प्रमाण वेष्टनावर छापण्याची सक्ती अमेरिकेत १९०६ च्या कायद्याने झाली. स्त्रियांचा संकोच आणि स्त्रीडॉक्टरांची उणीव यांमुळे दोन्ही देशांत शक्तिवर्धक औषधांना निदानाची जागा मिळाली होती.

कार्पेंटर यांच्याशी पत्रव्यवहार

कोल्हापुरात असताना गोपाळरावांनी अमेरिकन मिशनऱ्यांकडे पत्नीच्या शिक्षणासाठी साहाय्य मागितले होते. धर्मांतराची अपेक्षा व्यक्त झाल्याने ते फलद्रूप झाले नाही. मात्र हा पत्रव्यवहार रॉयल वाइल्डर यांनी आपल्या मिशनरी नियतकालिकात छापला. न्यू जर्सीतील रोझेल येथील थिओडिशिया कार्पेंटर या गृहिणीच्या वाचनात तो योगायोगाने आला. दंतवैद्याकडे थांबलेल्या असताना त्यांनी तो अंक चाळला होता. त्यांनी आनंदीबाईंना पत्र लिहिले आणि १८८० पासून दोघींमध्ये नियमित पत्रव्यवहार सुरू झाला. आनंदीबाई त्यांना मावशी मानत. हिंदू चालीरीती, सण, आहार, बालविवाह आणि त्याचे स्त्रियांच्या प्रकृतीवर होणारे परिणाम असे अनेक विषय या पत्रांत येत.

कोलकात्यास आल्यानंतर आनंदीबाईंची प्रकृती ढासळू लागली. अशक्तपणा, सततची डोकेदुखी, अधूनमधून येणारा ताप आणि कधी कधी लागणारा दम अशा त्यांच्या तक्रारी होत्या. पत्रांतून हे कळल्यावर कार्पेंटरबाईंनी अमेरिकेहून टपालाने औषधे पाठविली, परंतु त्यांचा गुण आला नाही. अशा प्रकृतीत परदेशी जावे की नाही, असा प्रश्न उभा राहिला. आनंदीबाईंनी माघार घेतली नाही. नोकरीमुळे गोपाळरावांना सोबत जाणे शक्य नसल्याने त्यांनी एकटीनेच जाण्याचा निर्णय घेतला.

श्रीरामपूर येथील भाषण

एका हिंदू विवाहितेने समुद्र ओलांडून एकटीने परदेशी जाण्याच्या बातमीवर सनातनी हिंदूंनी टीकेची झोड उठविली. तिला उत्तर देण्यासाठी आनंदीबाईंनी २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधील श्रीरामपूर महाविद्यालयाच्या सभागृहात इंग्रजीतून भाषण केले. भारतात स्त्रीडॉक्टरांची तीव्र गरज आहे, स्त्रिया पुरुषांकडून तपासून घेण्यास संकोचतात, हिंदू स्त्रियांसाठी हिंदू स्त्रीच अधिक उपयोगी पडू शकेल आणि आपण परत येऊन भारतात स्त्रियांसाठी वैद्यकीय महाविद्यालय काढू इच्छितो, असे मुद्दे त्यांनी मांडले. हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, अशी ग्वाहीही त्यांनी दिली. या भाषणाला मोठी प्रसिद्धी मिळाली आणि देशभरातून त्यांना आर्थिक मदत येऊ लागली. प्रवासखर्चासाठी आनंदीबाईंनी आपले सोन्याचे दागिनेही विकले.

अमेरिकेतील वैद्यकीय शिक्षण

आनंदीबाईंनी ७ एप्रिल १८८३ रोजी मिशनरी स्त्रियांच्या सोबतीने कोलकाता सोडले आणि ४ जून १८८३ रोजी त्या न्यू यॉर्क येथे पोहोचल्या. बंदरावर कार्पेंटरबाई त्यांना घेण्यास आल्या होत्या. उन्हाळा रोझेल येथे काढल्यावर त्यांनी फिलाडेल्फिया येथील विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया या महाविद्यालयाकडे प्रवेशासाठी अर्ज केला. १८५० साली स्थापन झालेले हे महाविद्यालय केवळ स्त्रियांना वैद्यकाचे शिक्षण देणाऱ्या जगातील आद्य संस्थांपैकी एक होते. अधिष्ठाता डॉ. रेचल बॉडली यांनी त्यांना प्रवेश देऊन तीन वर्षांसाठी शिष्यवृत्तीही मिळवून दिली.

या काळात महाविद्यालयात अन्य देशांतील विद्यार्थिनीही होत्या. जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लांबुली यांच्यासमवेत १८८५ साली घेतलेले आनंदीबाईंचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. तिघींनी त्यात आपापल्या देशाचा पोशाख परिधान केला आहे.

आनंदीबाईंनी अमेरिकेत साडी आणि शाकाहार सोडला नाही. नऊवारी साडीमुळे पाय उघडे राहत व थंडी बाधत असे, म्हणून त्या पुढे गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. आपला स्वयंपाक त्या स्वतः करीत. राहत्या खोलीतील शेगडी नादुरुस्त असून तिचा धूर होई, त्यामुळे थंडी किंवा धूर यांपैकी एक सोसावे लागे. दिवसा महाविद्यालय, रात्री अभ्यास, मधल्या वेळात स्वयंपाक आणि भेटीगाठी असा त्यांचा दिनक्रम होता. अतिश्रम, अपुरा आहार आणि कडक थंडी यांमुळे त्या वारंवार आजारी पडत. घटसर्पाच्या गंभीर आजारातून त्या वाचल्या, पण प्रकृती पूर्ववत झाली नाही. पुढे त्यांना क्षयरोगाने ग्रासले.

प्रबंध आणि पदवी

पदवीसाठी त्यांनी आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र या विषयावर प्रबंध लिहिला. त्यात आयुर्वेदीय ग्रंथ आणि अमेरिकन पाठ्यपुस्तके या दोहोंचा आधार घेतलेला होता. गर्भवतीची परिचर्या हा आयुर्वेदाचा जुना विषय आहे. चरकसंहिता व सुश्रुतसंहिता यांच्या शारीरस्थानांत गर्भिणीने महिन्यागणिक कोणता आहार घ्यावा, प्रसूतीची तयारी कशी करावी, सूतिकेची व नवजात बालकाची काळजी कशी घ्यावी याचे विवेचन आढळते. घराघरांत सुईणी आणि वडीलधाऱ्या स्त्रिया जे उपचार परंपरेने करीत, त्यांतील अनेकांचे मूळ याच ग्रंथांत सापडते. आपल्या देशातील हे ज्ञान नाकारण्याऐवजी ते आधुनिक वैद्यकाच्या शेजारी ठेवून पाहण्याचा आनंदीबाईंचा हा प्रयत्न होता.

११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम.डी. ही पदवी प्रदान करण्यात आली. पदवीदान समारंभास गोपाळराव उपस्थित होते. पंडिता रमाबाई या समारंभासाठी इंग्लंडहून आल्या होत्या. राणी व्हिक्टोरिया यांच्याकडूनही या पदवीची दखल घेणारा संदेश आला. याच वर्षी कोलकात्यात कादंबिनी गांगुली यांनीही वैद्यकीय शिक्षण पूर्ण केले, म्हणून १८८६ हे वर्ष भारतीय स्त्रियांच्या वैद्यकीय शिक्षणाच्या इतिहासात महत्त्वाचे मानले जाते.

पदवीनंतर प्रत्यक्ष अनुभवासाठी आनंदीबाई बॉस्टन येथील स्त्रिया व बालके यांच्या रुग्णालयात रुजू झाल्या, परंतु प्रकृती बिघडल्याने त्यांना ते काम लवकरच सोडावे लागले.

मायदेशी आगमन आणि मृत्यू

कोल्हापूर संस्थानाने आनंदीबाईंना तेथील आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्रीविभागाच्या प्रमुख वैद्यकीय अधिकारी म्हणून नेमण्याचे ठरविले होते. हे पद स्वीकारून त्या पतीसह ऑक्टोबर १८८६ मध्ये अमेरिकेहून निघाल्या. प्रवासात त्यांचा आजार बळावला. नोव्हेंबरमध्ये त्या मुंबईस पोहोचल्या तेव्हा त्यांचे उत्साहाने स्वागत झाले. ज्या समाजातून पूर्वी टीका झाली होती, त्याच समाजातून आता अभिनंदनाचा वर्षाव होत होता. बाळ गंगाधर टिळक यांनी त्यांच्या कार्याचा गौरव करणारे पत्र व शंभर रुपयांची मदत पाठविली.

पुण्यास आणल्यानंतर त्यांच्यावर वैद्यांचे उपचार झाले, पण उतार पडला नाही. कोल्हापूरच्या पदावर त्या रुजू होऊ शकल्या नाहीत. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्या वेळी त्यांना बावीस वर्षे पूर्ण होण्यास जेमतेम महिना उरला होता. त्यांच्या रक्षेचा काही भाग कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आला. त्यांनी तो न्यू यॉर्क राज्यातील पकिप्सी येथील आपल्या कौटुंबिक दफनभूमीत ठेवला आणि तेथे आनंदीबाईंच्या नावाचा स्मृतिशिलालेख उभारला.

आजार आणि उपचारांच्या मर्यादा

आनंदीबाईंच्या आजारपणाच्या काळात क्षयरोगावर गुणकारी औषध जगात कोठेही उपलब्ध नव्हते. रॉबर्ट कॉख यांनी क्षयाच्या जंतूचा शोध १८८२ साली जाहीर केला, म्हणजे आनंदीबाई अमेरिकेस जाण्याच्या एकच वर्ष आधी. रोगाचे कारण कळले, तरी त्यावरील पहिले प्रभावी प्रतिजैविक स्ट्रेप्टोमायसिन १९४३ साली हाती आले. तोपर्यंत विश्रांती, मोकळी हवा आणि सकस आहार यांवरच सर्व भर असे. आनंदीबाईंच्या वाट्याला यांपैकी फारसे काही आले नाही. विद्यार्थिदशेत त्यांना विश्रांती मिळाली नाही आणि परदेशात प्रकृतीला मानवेल असा आहारही पुरेसा मिळाला नाही. अमेरिकेतून आलेली औषधे, तेथील डॉक्टरांचे उपचार आणि पुण्यातील वैद्यांचे काढे या तिन्हींचा त्यांच्या बाबतीत उपयोग झाला नाही.

दीर्घकाळ टिकणारा थकवा, बारीक ताप, खोकला, दम लागणे आणि वजन घटणे ही लक्षणे शक्तिवर्धक औषधे घेऊन दडवावयाची नसून त्यांचे कारण शोधावयाचे असते, ही आजच्या वैद्यकाची भूमिका आहे. घरगुती पौष्टिक आहार हा उपचाराला पूरक असतो. निदानाला तो पर्याय होऊ शकत नाही. स्त्रीला मोकळेपणाने तपासून निदान करू शकेल अशी डॉक्टर तिच्या जवळ असावी, ही आनंदीबाईंची मागणी याच भूमिकेशी जुळणारी होती.

वारसा

आनंदीबाईंना स्वतः व्यवसाय करता आला नाही, तरी त्यांच्या उदाहरणाचा प्रभाव दूरवर पडला. पंडिता रमाबाई यांचा उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीविषयीचा इंग्रजी ग्रंथ १८८७ साली प्रसिद्ध झाला. त्याला प्रस्तावना डॉ. रेचल बॉडली यांची आहे. १८८५ साली स्थापन झालेल्या लेडी डफरिन निधीतून भारतात स्त्रियांसाठी रुग्णालये उभी राहू लागली होती. पुढील पिढीत डॉ. रखमाबाई यांनी लंडन येथे वैद्यकीय शिक्षण घेतले आणि सुरत व राजकोट येथील स्त्रियांच्या रुग्णालयांत दीर्घकाळ सेवा केली. आनंदीबाईंनी कोल्हापुरात ज्या स्वरूपाचे काम करावयाचे योजिले होते, ते अशा रीतीने इतर स्त्रियांच्या हातून उभे राहिले.

चरित्रे आणि कलाकृती

अमेरिकन लेखिका कॅरोलाइन हीली डॉल यांनी लिहिलेले आनंदीबाईंचे इंग्रजी चरित्र १८८८ साली प्रसिद्ध झाले. मराठीतील त्यांचे पहिले चरित्र काशीबाई कानिटकर यांनी लिहिले. एका स्त्रीने दुसऱ्या स्त्रीचे लिहिलेले हे मराठीतील आरंभीचे चरित्र म्हणूनही त्याला महत्त्व आहे. श्री. ज. जोशी यांची ‘आनंदी गोपाळ’ ही कादंबरी विशेष लोकप्रिय झाली. तिचे नाट्यरूपांतर राम जोगळेकर यांनी केले. अंजली कीर्तने यांनी संशोधनपूर्वक लिहिलेले ‘डॉ. आनंदीबाई जोशी : काळ आणि कर्तृत्व’ हे चरित्र कादंबरीतील कल्पित भागापासून वस्तुस्थिती वेगळी करून पाहणाऱ्या अभ्यासकांना उपयोगी पडते. समीर विद्वांस दिग्दर्शित ‘आनंदी गोपाळ’ हा मराठी चित्रपट २०१९ साली प्रदर्शित झाला.

सन्मान

शुक्र ग्रहावरील एका विवराला आनंदीबाईंच्या सन्मानार्थ जोशी हे नाव देण्यात आले आहे. ३१ मार्च २०१८ रोजी, त्यांच्या १५३ व्या जयंतीनिमित्त, गूगलने विशेष डूडल प्रसिद्ध करून त्यांना अभिवादन केले.